बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी दिल्याने जंतू मरतात का?
थोडेफार; पण बाळ खोलीत असताना धुरी अजिबात देऊ नका. ओव्यातला थायमॉल हा उग्र वासाचा घटक जिवाणू आणि बुरशी मारतो. तो साधारण २३२ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून निखाऱ्यावर राखेचा थर चढू द्या, मगच चिमूटभर ओवा टाका. लालभडक निखाऱ्यावर थायमॉलच जळतो आणि उरतो तो डोळ्यांना झोंबणारा, चिकट काजळीचा धूर.

आपल्याकडे मराठवाड्यात बाजेखाली शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेतात, खरा धोका तिथं आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे तो साचलेला कळतच नाही. धुरी रिकाम्या खोलीत द्या, शेगडी अंगणात न्या, अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा आणि धूर पूर्ण निघून गेल्यावरच बाळाला आत आणा.