चीनच्या जुन्या गल्ल्या बघायला जाताय? आधी तारीख बघा

प्रश्न: नमस्कार सर. आमची उद्यमबागेत फौंड्री आहे, मिस्टरांना मशिनरी बघायला ऑक्टोबरात ग्वांगझूच्या कँटन फेअरला जायचंय, तर मी म्हटलं दसऱ्याची सुट्टी आहेच, मी आणि मुलगी पण येतो, फेअरच्या आधी बीजिंग-शिआन फिरून घेऊ. पण तिथल्या जुन्या गल्ल्यांचे व्हिडिओ बघितले तर नुसती डोकीच डोकी आणि सगळीकडे तीच दुकानं. जाण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: अर्थ आहे की ताई, नक्की जा, फक्त १ ते ७ ऑक्टोबर टाळा. १ तारखेला त्यांचा राष्ट्रीय दिन, अख्ख्या देशाला आठवडाभर सुट्टी, एखाद्या वर्षी ८ दिवस पण होते, आणि बऱ्याच वर्षी तेव्हाच आपल्या कर्नाटकातल्या शाळांची दसऱ्याची सुट्टी चालू असते. फेअर १५ ला सुरू होतो आणि मशिनरी पहिल्याच फेजमध्ये असते, म्हणून ९ च्या पुढं निघालात तर मधले दिवस फिरायला मिळतात. १ मेच्या सुट्टीचं पण तसंच, उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आता बीजिंगची नानलुओगुशियांग ही जुनी गल्ली घ्या. लांबी ८०० मीटर पण नाही, रुंदी जेमतेम ८ मीटर, आणि सुट्टीच्या दिवशी चतुर्थीच्या आदल्या दिवसाची आपली बेळगावची गणपत गल्ली बरी म्हणायची वेळ येते. २०१६ मध्ये हे इतकं हाताबाहेर गेलं की त्यांनी टूर ग्रुप घेणं बंद केलं आणि मिळालेलं ३ए टुरिस्ट रेटिंग (पर्यटनस्थळाचा सरकारी दर्जा) स्वतःहून सोडून दिलं. दुकानं सारखी का, तर भाडं. गल्लीला नाव झालं की भाडं चढतं, मग चपला शिवणारा, किराणावाला टिकत नाही, झटपट पैसा देणारं तेवढंच राहतं, काडीवरचं स्क्विड, वास मारणारं टोफू, मिल्क टी. म्हणून चेंगदूत गेलं तरी तेच आणि शिआनला गेलं तरी बरंचसं तेच दिसतं, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण आधी तिथली माणसं जातात, भिंती तेवढ्या उरतात.

पण नानलुओगुशियांगला दोन्ही बाजूंनी ८-८ हुतोंग, म्हणजे जुने अरुंद बोळ, फुटतात, ही आखणी युआन काळातली, म्हणजे १३व्या शतकातली, आणि खरी मजा तिथं आहे. सकाळी ८ च्या आत जा, माओअर हुतोंगमध्ये वळा (चीनच्या शेवटच्या सम्राज्ञीचं, वानरोंगचं माहेर याच गल्लीत) आणि घरांची दारं बघा. चौकटीच्या वर लाकडाचे जाड खुंटे असतात, साध्या दाराला दोन, मोठ्या घराला चार. खाली दोन्ही बाजूला दगड, कुठं ढोलासारखा गोल, कुठं चौकोनी, गोल म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्याचं घर आणि चौकोनी म्हणजे कचेरीतल्याचं असं सांगतात. मुलीला मोजायला लावा, एक सकाळ मस्त जाते.

चियानमेन स्ट्रीट मात्र घाईत उरका, ती २००८ च्या ऑलिम्पिकआधी जुन्यासारखी नव्यानं बांधलेली आहे. शिआनला मुस्लिम क्वार्टरच्या मेन रोडवर गर्दी, पण आतल्या बोळात मोठी मशीद आहे तिथं वेळ काढा, स्थापना ७४२ सालची मानतात, सगळं बांधकाम चिनी पद्धतीचं, अंगणामागून अंगण, एकदम शांत. निघायच्या आधी मोबाईलवर अलीपे (पैसे द्यायचं चिनी ॲप) चालू करून त्याला आपलं कार्ड जोडून घ्या, टपरीवर पण क्यूआरच चालतो.

प्रश्न: सगळं इतकं बाजारी झालंय तर असल्या गल्ल्यांत न गेलेलंच बरं नाही का ओ?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: नाही ओ, मला तसं वाटत नाही. च्वानझोऊ म्हणून समुद्राकाठचं गाव आहे, शियामेनहून फास्ट ट्रेननं अर्ध्या तासावर, २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथली वेस्ट स्ट्रीट पण खचाखच भरलेली, पण त्याच रस्त्यावर ६८६ साली स्थापन झालेलं काययुआन बौद्ध मंदिर आहे आणि त्यात दोन खांब चक्क आपल्या देवांचे आहेत. हिरण्यकश्यपूला फाडणारा नरसिंह आहे, झाडं पाडणारा बाळकृष्ण आहे. १३व्या शतकाच्या आसपास तमिळ व्यापारी तिथं राहायचे, त्यांचं शिवमंदिर होतं, ते गेलं आणि खांब इथं बसवले गेले. गर्दी बाजारी म्हणून मागं फिरलात तर हे राहूनच जाणार की. खांब मुख्य मंडपाच्या मागच्या बाजूला आहेत, समोरून दर्शन घेऊन परत फिरू नका, वळसा घालून मागं जा.