घड्याळात ४२ मिनिटं, घरात दीड तास

भावा, तुझा प्रश्न वाचला आणि तीन वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. बाळ अडीच महिन्यांचं, आधी हाफ मॅरेथॉन आरामात पळायचास, आता आठवड्यात दोनदा पण बूट पायात जात नाहीत, त्यात ओरिएंटियरिंगचं, म्हणजे नकाशा-होकायंत्र घेऊन ठरलेली ठिकाणं शोधत पळायच्या खेळाचं, खूळ डोक्यात शिरलंय आणि वहिनींनाही परत पळायचंय, तर हे सगळं बसवायचं कसं. लांबड लावणार आहे, चहा घेऊन बस.

आधी तो ट्रेनिंग प्लॅन फ्रिजवरनं काढ. आमच्याकडं १६ आठवड्यांचा छापून चिकटवला होता, तिसऱ्या आठवड्यात त्याच कागदाच्या पाठीमागं बाळानं किती वेळा शी-शू केली त्याचा हिशोब लिहायला लागलो. तो हिशोब मात्र नीट पाळला गेला.

आता खरी गोष्ट सांगतो. मुलगी दोन महिन्यांची असताना एका रविवारी मी रंकाळ्यावर पळून आलो, लई खूश, बायकोला घड्याळ दाखवलं, ४२ मिनिटं. ती बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती, खांद्यावर ओकीचा फडका, केस न विंचरलेले, म्हणाली, "घड्याळात ४२ आहेत, पण मी दार लावलं त्याला दीड तास झाला." हिशोब केला तर बरोबर होतं. बूट शोधणं, गाडी काढणं, घड्याळाच्या जीपीएसला सॅटेलाइट सापडेपर्यंत उभं राहणं, आणि मुख्य म्हणजे पळून झाल्यावर कट्ट्यावर ग्रुपबरोबर चहा आणि मग कुणीतरी म्हणणार चला मिसळ खाऊया. आपल्या कोल्हापुरात पळण्यापेक्षा पळून झाल्यावरचं जास्त असतं, खोटं बोलत नाही. बायकोचा राग पळण्यावर नव्हताच, त्या मागच्यापुढच्या वेळेवर होता. त्या दिवसापासनं आमच्या घरात वेळ दारापासनं दारापर्यंत मोजतात. ५० मिनिटं म्हणजे ५०, अंघोळ धरून. मग घरापासूनच पळायचं, गाडी काढायची नाही, आणि मिसळ महिन्यातनं एकदा, ती पण सहकुटुंब.

दुसरं, ओरिएंटियरिंगवाल्यांकडनंच घेतलेली गोष्ट. युरोपात बऱ्याच स्पर्धांत लहान पोरं असलेल्या नवरा-बायकोला स्प्लिट स्टार्ट मिळतो, म्हणजे दोघांच्या सुटायच्या वेळा लांब ठेवतात, एक जंगलात असतो तेव्हा दुसरा फिनिशजवळ बाळ सांभाळतो, पहिला आला की बाळ हातात देऊन दुसरा पळतो. थोडी मोठी पोरं दोरी धरून चालत चालत कंट्रोल, म्हणजे नकाशावर खूण केलेली झेंड्याची ठिकाणं, शोधतात. आम्ही हेच घरात केलं, आणि नियम एकच होता, पहिला स्टार्ट तिचा. कारण दुसरा स्टार्ट असला की काय होतं, पहिला माणूस दहा मिनिटं उशिरा येतो, बाळ रडायला लागतं, आणि दुसऱ्याचं पळणं "उद्या बघू" वर जातं. ते उद्या बघू आमच्यात तिच्याच वाट्याला यायचं, म्हणून उलटं केलं. माझं बुडालं तर बुडालं.

वहिनींचं मात्र घाईनं नको. २०१९ साली ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी बाळंतपणानंतरच्या पळण्याबद्दल मार्गदर्शिका काढली, त्यात किमान १२ आठवडे पळू नका असं आहे, आणि बारा झाले म्हणजे सुटायची शिट्टी वाजली असं पण नाही. आधी चालणं, ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचे व्यायाम, मग अर्धा मिनिट पळणं अर्धा मिनिट चालणं. पळताना लघवी गळते, खाली जड जड वाटतं, दुखतं, यातलं काहीही असलं तर थांबायचं आणि फिजिओला दाखवायचं, बायका हे सांगत नाहीत आणि सगळ्यांना असंच होतं म्हणून अंगावर काढतात. सिझर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरुवात नाहीच. आणि घरातनं "ओली बाळंतीण, पळाली की दूध आंबतंय" हे येणार, आमच्या सासूबाईंनी तर डिंकाच्या लाडवाचा डबा हातात देऊन सांगितलं होतं. बेताच्या व्यायामानं दूध कमी होत नाही, बाळाच्या वाढीवर पण फरक पडत नाही. फक्त निघायच्या आधी पाजून निघायचं, छाती हलकी असली की पळायला पण बरं पडतं. जास्मिन पॅरिस माहितीय का? २०१९ च्या जानेवारीत ब्रिटनमधली २६८ मैलांची स्पाइन रेस तिनं ८३ तास १२ मिनिटांत मारली, बायकांत नव्हे, सगळ्यांत पहिली, आणि मुलगी १४ महिन्यांची, वाटेत थांबून दूध काढत होती. सासूबाईंना ही गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, "तिच्या सासूनं बाळ सांभाळलं असंल." आता यावर काय बोलणार.

आता नकाशा. माझं म्हणणं विचारशील तर बाळ लहान असताना शिकायला ओरिएंटियरिंगच सगळ्यात भारी, कारण त्यातलं निम्मं काम पायानं करायचंच नसतं. रात्री तीनला बाळ खांद्यावर, तू खोलीत येरझाऱ्या घालतोयस, मोबाईल उघडलास तर झोप उडते. मी भिंतीवर नकाशा चिकटवला होता, नाईट लॅम्पच्या उजेडात एकच काम, कंट्रोल चारवरनं पाचवर कसा जाईन? डोंगर ओलांडून का वळसा घालून? शेवटचं पक्कं ठिकाण कुठलं, विहीर, भिंतीचा कोपरा, ओढ्याचा फाटा? कंट्रोल चुकून पुढं गेलो तर कुठली गोष्ट मला अडवेल? आणि रंग पाठ कर, इथंच नवीन माणूस फसतो. पांढरं म्हणजे मोकळं नाही, पांढरं म्हणजे आरामात पळता येईल असं जंगल, मोकळी जागा पिवळी असते. हिरवं जितकं गडद तितकी दाट झाडी. तपकिरी म्हणजे कंटूर, सारख्या उंचीच्या रेषा, निळं पाणी, काळं म्हणजे खडक, वाटा, बांधकाम. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटवर, म्हणजे सरकारी नकाशावर, एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, त्याच्यावर पन्हाळा कळतो पण झुडुपामागचा कंट्रोल कळत नाही. ओरिएंटियरिंगचा नकाशा १:१०,००० चा, एक सेंटिमीटरला १०० मीटर, आणि स्प्रिंटचा, म्हणजे गावात-आवारात होणाऱ्या छोट्या शर्यतीचा, १:४,००० चा, त्यात भिंत ओलांडता येते का नाही हे पण दिसतं.

सरावाला शिवाजी विद्यापीठाचा परिसर बघ. आठशेच्या वर एकर जागा, रस्ते, पायवाटा, झाडी, बाजूला राजाराम तलाव. आत जायच्या वेळा गेटवर विचारून घे. ओपन ओरिएंटियरिंग मॅप नावाच्या वेबसाइटवर, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या ऑनलाइन नकाशावरनं, ए-फोर कागदावर नकाशा निघतो. मॅपरन नावाचं ॲप आहे, त्यात कंट्रोल फोनच्या जीपीएसवर असतात, जागेवर पोचलास की फोन वाजतो, म्हणजे आदल्या रात्री नारिंगी-पांढरे झेंडे लावत फिरायची गरज नाही, बाळवाल्या माणसाला हे वरदान आहे. बाहेर कुठं नकाशा करशील तर उसात कंट्रोल ठेवू नकोस. स्वीडनमध्ये कुणाच्याही रानातनं चालायची परंपरेनं मुभा आहे, तिथं पण उभ्या पिकात कुणी शिरत नाही, इथं तर मालक विळा घेऊनच भेटायचा.

झोपेबद्दल एक सांगतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. झोप नसली की पाय चालतात, डोकं चालत नाही. सलग तिसरी रात्र जागून मी विद्यापीठात गेलो, पाय एकदम ताजे, पहिले तीन कंट्रोल भारी झाले. चौथ्याला होकायंत्राची सुई नकाशाच्या उत्तर रेषांवर जुळवायची, ती मी उलटी जुळवली, लाल टोक नकाशाच्या दक्षिणेला. एकशे ऐंशी अंश! आणि जोरात पळालो. समोर अश्वारूढ महाराजांचा पुतळा दिसला तेव्हा कळलं की मी तलावाकडं नाही, मुख्य इमारतीकडं आलोय. म्हणजे लहानपणापासनं माहीत असलेल्या जागी मी हरवलो. नुसतं पळत असतो तर कळलं पण नसतं की किती दमलोय. त्यानंतर रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली तर नकाशा घरात, आणि बाईक घेऊन पन्हाळ्याचा घाट तर अजिबात नाही, ते २० किलोमीटर डुलक्या घेत जायचं नसतं.

बाबागाडी ढकलत पळायचं विचारलंयस. सहा महिन्यांच्या आत नको, मान आणि पाठ भक्कम व्हायची असते. त्यानंतर पण पळायसाठी बनवलेलीच गाडी पाहिजे, आणि आपल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर बघता मी तरी चालतच फिरवली.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिघं विद्यापीठात आहोत. बाळाला घेऊन दोघंही या, वहिनी फिरायला म्हणून या, अजून पळायचं नाही. आमची पोरगी आता तीन वर्षांची आहे, तिच्यासाठी झाडांना दोरी बांधून चार कंट्रोल लावून देतो, त्यात ती रमते. माझी बायको पहिली पळेल, मग तू, मी शेवटी. छापलेले नकाशे मी आणतो, तू फक्त थर्मास आण, म्हणजे मिसळीला जायला नको.