गडचिरोलीहून मेलबर्नला, हिवतापाची गुणसूत्रं मोजायला

'ताई, मेलबर्नला पीएचडीची जागा मिळालीय. विषय फाल्सिपारम या हिवतापाच्या परजीवीच्या गुणसूत्रांची लांबी. निघण्याआधी काय शिकू? गडचिरोलीचे नमुने सोबत आणू का?'

नमुन्यांचं आधी सांगते: बॅगेत घालून अजिबात नको. भारताची आणि ऑस्ट्रेलियाची, दोन्ही परवानग्या हातात आल्याशिवाय थेंबभर रक्तही हलवायचं नाही. याला महिने लागतात, म्हणून गाइडला आजच लिही.

शिकायचं म्हणशील तर पल्स्ड-फील्ड जेल, म्हणजे विजेची दिशा बदलत राहून लांबलचक डीएनए जेलमध्ये लांबीनुसार वेगळे करायचं तंत्र, तेही स्वतःच्या हाताने. या परजीवीची गुणसूत्रं विभाजनाच्या वेळी घट्ट होत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली मोजताच येत नाहीत. १९८४च्या सुमारास हे तंत्र आलं आणि पुढच्याच वर्षी इथल्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटच्या गटाने दाखवलं की वेगवेगळ्या वाणांत तेच गुणसूत्र वेगळ्या लांबीचं असतं. एकूण गुणसूत्रं १४, सुमारे साडेसहा लाख बेसपासून (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर) ३३ लाखांपर्यंत. मी पहिल्या वेळी डीएनए पिपेटने ढवळला. तुकडे झाले, जेलवर वेगवेगळ्या रेघांऐवजी नुसता धूर! पेशी आधी ॲगरोजच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) वडीत बसवायच्या आणि मग त्या वडीतच फोडायच्या.

फरक बहुतेक टोकांशी असतो. तिथे पुनरावृत्तीचे पट्टे आणि व्हार जनुकं, म्हणजे रोगग्रस्त रक्तपेशीला रक्तवाहिनीला चिकटवणाऱ्या प्रथिनांची जनुकं. डासाच्या पोटात दोन वाण भेटले की गुणसूत्रांच्या तुकड्यांची देवाणघेवाण कधी विषम होते. कधी टोक तुटतं, त्यावर नवा टेलोमिअर (टोकाची टोपी) बसतो आणि गुणसूत्र बिनबोभाट चालू राहतं. हिवतापाचं किट ज्या प्रथिनावरून फाल्सिपारम ओळखतं त्याचं एचआरपी-२ जनुक आठव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे. ते गेलं की आशाताईंच्या किटवर फाल्सिपारमची रेघ उमटेलच असं नाही, रोगी मात्र तापाने फणफणलेला. पेरूच्या ॲमेझॉन भागातून २०१० मध्ये असे परजीवी नोंदले गेले; नंतर इरिट्रियाला किटच बदलावं लागलं.

एक भांडण मात्र गाइडशी घालच: नमुने ताजे हवेत. महिनोन्महिने कल्चरमध्ये (प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये) वाढवलेले परजीवी टोकं गाळतात, कारण रक्तवाहिनीला चिकटायची गरजच उरत नाही. मग तू मोजशील ती गावातली लांबी नसते, फ्लास्कमधली असते. तुलनेला प्रयोगशाळेतले दोन वाण, डीडी२ (एचआरपी-२ नसलेला) आणि एचबी३ (त्याचं भावंड जनुक एचआरपी-३ नसलेला), मागून घे.

गोडा मसाला आण, पण विमानतळावरच्या फॉर्मवर लिही. आणि जूनमध्ये येणार असशील तर स्वेटर हातातल्या बॅगेत ठेव.