ग्रीनव्हिल, चॅटनूगा की हंट्सव्हिल: घर बघायच्या आधी काउंटीचं ऑफिस बघा

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. न्यू जर्सीतलं एडिसन सोडून साउथला यायचंय, मिस्टरांचं काम पूर्ण रिमोट, ते एच-वन-बीवर (नोकरीचा व्हिसा) आणि तुम्ही एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा), दोन मुलं शाळेत, आणि ग्रीनव्हिल (साउथ कॅरोलायना), चॅटनूगा (टेनेसी), हंट्सव्हिल (अलाबामा) अशी तीन नावं एक्सेलमध्ये टाकून पुढे वेबसाइटवरचे आकडे भरलेत. आमच्याकडेही असंच टेबल होतं, जवळपास हेच कॉलम. हवामान, शाळांचं रेटिंग, विमानतळ हे सगळं तुम्ही बघितलेलंच दिसतंय, त्यात मी शिरत नाही. पण तुम्ही साउथ कॅरोलायनाच्या प्रॉपर्टी टॅक्ससमोर जो आकडा लिहिलाय ना, तो विकणाऱ्याचा आहे, तुमचा नाही. तो आधी खोडा.

मी सीपीए (इथला सीए) नाही, वकीलही नाही, आणि नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा हे वाचून सही-बिही करू नका, खात्री करून घ्या. पण हा भाग आम्ही भोगलाय.

तर साउथ कॅरोलायनात तुम्ही स्वतः राहता त्या घराची असेसमेंट (टॅक्ससाठी धरायची किंमत) बाजारभावाच्या ४ टक्क्यांनी होते आणि बाकीच्या घरांची ६ टक्क्यांनी. म्हणजे ४ लाख डॉलरच्या घराची असेस्ड व्हॅल्यू १६ हजार नाहीतर २४ हजार. ऐकायला दीडपट वाटतं, पण तेवढ्यावर थांबत नाही, कारण ४ टक्केवाल्यांना शाळा चालवण्यासाठीचा जो टॅक्स असतो तोही माफ आहे (२००६ च्या कायद्यापासून) आणि बिलात मोठा हिस्सा त्याचाच असतो, त्यामुळे ६ टक्केवालं बिल सहज दुपटीच्या पुढे जातं. आणि हा ४ टक्क्यांचा दर आपोआप मिळत नाही. घर घेतलं, राहायला गेलात, तरी अर्ज केल्याशिवाय तुम्ही ६ टक्क्यांतच. वर आणखी एक गोष्ट, रीअसेसमेंट दर पाच वर्षांनी होते आणि त्यातली वाढ १५ टक्क्यांपर्यंतच धरतात, पण घर विकलं गेलं की ते संरक्षण संपतं आणि आजच्या किमतीने नवीन हिशोब सुरू होतो. मागचा मालक पंधरा-वीस वर्षं राहिलेला असेल तर लिस्टिंगवर दिसणारं त्याचं बिल इतकं गोड असतं की विचारू नका. तुम्हाला ते कधीच येणार नाही.

आता ऑफिसबद्दल. अपस्टेटमधल्या (ग्रीनव्हिलच्या भागातल्या) एका काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, आहे, कुठल्या ते लिहीत नाही. आम्ही क्लोजिंग (घराचा व्यवहार पूर्ण) झाल्यावर लगेच अर्ज द्यायला गेलो. काचेपलीकडच्या बाईंनी आधी सांगितलं, इथलं लायसन्स आणि दोन्ही गाड्यांचं इथलं रजिस्ट्रेशन आणा, दोन्हीवर नवीन घराचा पत्ता पाहिजे. ठीक आहे, नियमच आहे. गाडीचं रजिस्ट्रेशन करायचं तर आधी काउंटीला गाडीचा प्रॉपर्टी टॅक्स भरायचा, मग डीएमव्हीत जायचं, बाहेरच्या राज्यातून आणलेल्या प्रत्येक गाडीमागे २५० डॉलरपर्यंत वेगळी फी भरायची, हे सगळं केलं. परत गेलो तर खिडकीत दुसऱ्या बाई. त्यांनी डीड (घराचं खरेदीखत) बघितली, लायसन्स बघितलं आणि म्हणाल्या, डीडवरची व्यक्ती वेगळी आहे.

कारण आपली नावं! माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये माझं नाव आणि त्याला जोडून नवऱ्याचं नाव, आडनाव वेगळ्या रकान्यात. डीड पासपोर्टवरून बनवली होती त्यामुळे तिथे तिन्ही शब्द. लायसन्सवर मधलं नाव नुसतं एका अक्षरावर आलं. आणि नवऱ्याच्या कागदांवर मधलं नाव सासऱ्यांचं, म्हणजे त्या बाईंच्या दृष्टीने आम्हा दोघांची मधली नावं जुळत नाहीत, मग हे नवरा-बायको कसे हाही प्रश्न. मी समजावलं की आमच्याकडे मधलं नाव वडलांचं नाहीतर नवऱ्याचं असतं, लग्नाचं सर्टिफिकेट इंग्लिशमध्ये होतं तेही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसून कागद ठेवून घेतले आणि "इन रिव्ह्यू" असा शिक्का मारून पोच दिली. आम्हाला वाटलं झालं.

पुढे काहीच नाही. ना नकाराचं पत्र, ना ईमेल. फोन केला की "अजून रिव्ह्यूमध्ये आहे". मग बिल आलं ते ६ टक्क्यांचं. मॉर्गेज कंपनीने एस्क्रोमधून (हप्त्यातून टॅक्ससाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून) भरून टाकलं, कारण त्यांचं ते कामच आहे, आणि एस्क्रोचा अंदाज मुळात जुन्या मालकाच्या बिलावर बांधलेला, त्यामुळे खड्डा दोन्हीकडून पडला. नवीन मासिक हप्त्याचा कागद हातात आला तेव्हा भाडं परवडलं असतं असं वाटण्याइतका तो आकडा वाढलेला. ऑफिसात गेलो तर सांगतात की नाव जुळत नसल्याने अर्ज "अपूर्ण" म्हणून बाजूला ठेवलाय, आणि तुम्हाला कळवायची आमची जबाबदारी नाही. शिक्का मारून पोच दिलेली होती हो! मला अजून त्याचा राग येतो. टॅक्स घेताना पत्ता बरोबर सापडतो, कागद कमी पडला हे सांगायला मात्र सापडत नाही. शेवटी सगळं दुरुस्त झालं, पण परतावा मॉर्गेज कंपनीकडे गेला आणि तिथून हप्ता खाली यायला आणखी बराच काळ गेला. तोवर मुलाचे स्विमिंगचे क्लास बंद, भारतात जायचं तिकीट पुढे ढकललं. पैसे परत येतात, पण ती दिवाळी परत येत नाही.

म्हणून सांगते, साउथ कॅरोलायना घेतलीत तर क्लोजिंगच्या आधी वकिलाला नावांबद्दल सांगा. तिथे क्लोजिंग वकिलाच्या देखरेखीखालीच होतं, त्यामुळे माणूस हाताशी असतोच. त्याला म्हणा की डीडमध्ये दोन्ही प्रकारे नाव लिही, "उर्फ" टाकून. आणि त्याहून महत्त्वाचं, आमच्याकडे तेव्हा ग्रीन कार्ड होतं, तुमच्याकडे नाही. ४ टक्क्यांसाठी ते घर तुमचं कायमचं राहण्याचं ठिकाण आहे हे दाखवावं लागतं. व्हिसावरच्या माणसाकडून ती काउंटी काय मागते, मुळात देते का, हे ऑफर टाकायच्या आधी ईमेलने विचारा आणि उत्तर ईमेलनेच घ्या. खिडकीवरचं तोंडी उत्तर कुणीही दिलं तरी ते धरू नका. रियल्टरला विचारून उपयोग नाही, तो "डोन्ट वरी" म्हणतो.

अलाबामात अशीच भानगड आहे, फक्त आकडे खूप लहान. स्वतः राहता ते घर १० टक्क्यांत, नाहीतर २० टक्क्यांत, आणि तिथेही होमस्टेड (राहत्या घराची सवलत) स्वतः जाऊन घ्यावं लागतं. पण तिथला टॅक्स मुळातच देशातल्या सगळ्यात कमींपैकी, त्यामुळे चुकलं तरी घर हलत नाही. टेनेसीत हा प्रश्नच नाही, राहतं घर असो की भाड्याने दिलेलं एकच घर असो, २५ टक्क्यांचीच असेसमेंट. गाडीवर दरवर्षीचा प्रॉपर्टी टॅक्स टेनेसीत नाही, बाकी दोन्हीकडे आहे. पगारावर स्टेट इन्कम टॅक्स टेनेसीत नाही, व्याज-डिव्हिडंडवरचा होता तोही २०२१ पासून गेला. पण म्हणून लगेच चॅटनूगा स्वस्त असं लिहू नका, सेल्स टॅक्स ९.२५ टक्के आहे आणि तिथे वाणसामानावरही टॅक्स लागतो, थोडा कमी दराने. जर्सीत तांदूळ-डाळीवर टॅक्स भरायची सवय नसते ना, पावती बघून चमकायला होतं. साउथ कॅरोलायनात किराण्यावर स्टेटचा टॅक्स नाही, अलाबामात आहे पण अलीकडे कमी केलाय, ४ वरून ३, मग २ टक्के.

हंट्सव्हिलबद्दल एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. शहर सुंदर आहे, वाढतंय, २०२० च्या जनगणनेत बर्मिंगहॅमला मागे टाकून अलाबामातलं सगळ्यात मोठं शहर झालं. पण तिथल्या चांगल्या नोकऱ्यांचा कणा म्हणजे रेडस्टोन आर्सेनल हा लष्करी तळ, नासाचं मार्शल सेंटर आणि त्यांच्याभोवतीच्या कंपन्या. त्यातल्या भरपूर जागांना अमेरिकन नागरिकत्व लागतं, क्लिअरन्स (सरकारची सुरक्षा परवानगी) लागतो. उद्या मिस्टरांची रिमोट नोकरी गेली तर व्हिसावर साधारण साठ दिवस हातात असतात, तेव्हा गावात इंजिनियरिंगच्या शेकडो जागा असून तुम्हाला अर्ज करता येणार नाही. माझ्या मते ग्रीन कार्ड होईपर्यंत हंट्सव्हिल तुमच्यासाठी नाही. कुणाला पटणार नाही, पण मी माझ्या बहिणीलाही हेच सांगितलं असतं. तिथे घर घेतलंच तर टॉर्नेडो शेल्टर आहे का बघा, २७ एप्रिल २०११ ला उत्तर अलाबामात काय झालं ते जुन्या लोकांना विचारा.

आणि रिमोट म्हणजे कुठूनही, असं एच-वन-बीला नसतं हे माहीत असेलच, तरी लिहिते. दुसऱ्या मेट्रोत राहायला गेलात तर कंपनीला आधी अमेंडमेंट (व्हिसाच्या अर्जात बदल) फाइल करावी लागते. मुव्हर्सचा ट्रक बुक करण्याआधी कंपनीच्या वकिलाचं "हो" लेखी पाहिजे, कारण कंपनीची त्या राज्यात पेरोलची नोंदणी नसेल तर तिथेच गाडं अडतं.

मला विचाराल तर तुमच्या परिस्थितीत पहिलं वर्ष चॅटनूगात भाड्याने. तिथे वीज कंपनीचंच फायबर इंटरनेट आहे, २०१० पासून गिगाबिट देतायत, घरून काम करणाऱ्याला त्याची किंमत कळते. अटलांटा दोन तासांवर, म्हणजे कॉन्सुलेटचं काम, मोठी इंडियन दुकानं, मराठी मंडळाचा गणपती हे सगळं एका दिवसात जाऊन येण्यासारखं. फक्त डोंगराच्या कडेने जाणारा आय-२४ महामार्गाचा पट्टा ट्रकांनी तुंबतो, शनिवारी निघायचं तर सकाळी लवकर निघा. ग्रीनव्हिल मला मनापासून आवडतं, नदीवरचा तो झुलता पूल आणि खालचा धबधबा बघून कुणीही घर घ्यायला तयार होतं, मॉल्डिनचं वेदिक सेंटर आहे, बीएमडब्ल्यू आणि मिशेलिनमुळे नोकऱ्याही बऱ्या. पण घर घ्यायचं तर वर लिहिलेलं सगळं करून मगच. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन वादळात तिकडे किती दिवस वीज नव्हती तेही लक्षात ठेवा, समुद्र लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इन्स्पेक्शनमध्ये रेडॉनची (जमिनीतून घरात येणारा घातक वायू) टेस्ट वेगळी सांगावी लागते, ती सांगा, आणि वाळवीचा सीएल-१०० रिपोर्ट नीट वाचा.

एक राहिलं, मुलांची शाळा. तिकडे शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात, जर्सीसारखं लेबर डेपर्यंत थांबत नाहीत. साउथ कॅरोलायनात लसींचं जर्सीचं कार्ड चालत नाही, तिथल्या फॉर्मवर तिथल्या डॉक्टरकडून लिहून घ्यावं लागतं आणि नवीन पेशंटला जुलैमध्ये अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. तेव्हा कुठलंही शहर ठरवा, पण घर बघायला याल त्याच फेरीत पीडियाट्रिशियनकडे नाव नोंदवून या.