ठळक बोडोनीच्या बारीक रेषा कुठे जातात?

प्रश्न : मरून पार्श्वभूमीवर बोडोनी या फॉण्टच्या ठळक वळणात पांढरी इंग्रजी नावं ठेवली. छापील पत्रिकेत अक्षरं तुटकी दिसतात. दोष छपाईचा का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : बहुधा नाही. अठराव्या शतकाअखेरीस इटलीतल्या पार्म्यात जांबात्तिस्ता बोडोनींनी घडवलेल्या या वळणात उभे दांडे जाड, आडव्या रेषा आणि सेरिफ (अक्षरांच्या टोकांच्या छोट्या रेघा) केसासारखे बारीक. ठळक करताना दांडेच फुगतात. मरून रंग तीन-चार शाई मिळून होतो; त्या जराही सरकल्या, पसरल्या की पांढरी बारीक रेष बुजते. मजकूर २४ पॉइंटच्या वर ठेवा, किंवा ‘बोडोनी मोडा’ या फॉण्टचा लहान ऑप्टिकल साइज (लहान आकारात छापण्यासाठी घडवलेलं रूप) घ्या. त्यात त्या रेषा मुद्दाम जाड असतात. बाह्यरेषा देऊन अक्षर जाड करू नका, आतल्या पोकळ्या भरतात. सोबतच्या मराठी शीर्षकाला ‘रोझा वन’ हा देवनागरी फॉण्ट शोभेल, पण बारीक अक्षरातल्या पत्त्याला मुळीच नको; त्याच्याही रेषा अशाच बारीक.