कप उचलला, दिव्याचं काय?

प्रश्न: प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत रोबोटचा प्रोग्रॅम लिहितोय. त्याने कप उचलला की दिवा अजून चालू आहे का हे त्याला कळतच नाही, प्रत्येक गोष्टीला वेगळा नियम लिहायचा का?

उत्तर: अजिबात नको, लिहून लिहून दमाल! एखादी कृती केल्यावर काय काय बदलत नाही हे कसं सांगायचं, हाच तो फ्रेम प्रॉब्लेम, कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक मॅकार्थी आणि हेज यांनी १९६९ मध्ये मांडलेला. कोवाल्स्की-सर्गॉट यांचा १९८६ चा इव्हेंट कॅल्क्युलस (घटनांवरून तर्क करायची पद्धत) वापरा, त्यात कुठली घटना काय सुरू करते आणि काय बंद करते एवढंच लिहायचं, मग दिवा मागे कधीतरी लावला आणि मधे कुणी बंद केल्याचं सिद्ध होत नसेल तर तो चालूच धरायचा, हे प्रोलॉगचं ‘\+’ (म्हणजे ‘सिद्ध होत नाही’ असा नकार) आपोआप करतं, मला तर हे फारच सुंदर वाटतं. फक्त ‘\+’ पाशी पोचायच्या आधी कुठला दिवा आणि कुठली वेळ हे ठरलेलं हवं, नाहीतर उत्तर चुकतं.