पाक भरपूर, परागाचं काय?

प्रश्न : पावसाळ्यात सातेरी मधमाशांच्या चार पेट्यांना दर आठवड्याला साखरेचा पाक देतो. तरी माशा घटत चालल्यात. अंडी दिसतात, पण अळ्या मोठ्या होत नाहीत. दोन फ्रेमना (पोळ्याच्या चौकटींना) मेणपतंग (पोळं पोखरणारी कीड) लागला. पाक वाढवावा का? (एक मधपाळ, जावळी)

उत्तर : पाक वाढवून अळ्या वाढणार नाहीत. साखर म्हणजे नुसतं सरपण. अंग धरायला लागणारी प्रथिनं, स्निग्धांश, जीवनसत्त्वं माशीला परागातूनच मिळतात. कोवळ्या कामकरी माशा पराग खातात, त्यावर त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथी भरतात आणि त्यातून अळ्यांची पेज पाझरते. पराग संपला की आधी ही पेज आटते. मग माशा लहान अळ्या स्वतःच खाऊन टाकतात. राणी अंडी घालत असूनही पुढे काही दिसत नाही, ते यामुळे.

उघडीप मिळाली की फ्रेम उन्हाकडे तिरपी धरून पोळ्यातल्या घरांच्या तळाशी पाहा. पोटभर खाल्लेली कोवळी अळी पांढऱ्या पेजेत तरंगताना दिसते. उपाशी वसाहतीत ती कोरड्या तळाला चिकटलेली असते. अळ्यांच्या कडेने पिवळ्या-नारिंगी परागाची कमान आहे का, तेही बघा. नसेल तर परागाला पूरक खाद्य द्या.

तेल काढलेलं, भाजलेलं सोयापीठ ३ भाग आणि निष्क्रिय ब्रुअर्स यीस्ट (बिअरचं, मारलेलं यीस्ट) १ भाग. त्यात पिठीसाखर आणि दाट पाक घालून पुरणाइतपत मऊ मळा. कच्चं सोयाबीन दळून वापरू नका, त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. बेकरीचं जिवंत यीस्टही नको, गोळा आंबतो. २०-२५ ग्रॅमची चपटी वडी बटर पेपरवर थापून फ्रेमच्या माथ्यावर, अळ्यांच्या अगदी वर ठेवा. लांब ठेवलीत तर सातेरी ढुंकूनही बघत नाही. तीन दिवसांनी उरलेली काढा, नाहीतर बुरशी धरते.

पाक बंद करू नका. १ लिटर पाणी उकळून खाली उतरवा, मग त्यात १ किलो साखर विरघळवा. साखर घातल्यावर उकळत ठेवलं तर माशांना घातक द्रव्य तयार होतं. गूळ तर अजिबात नको, त्यातल्या क्षारांनी हगवण लागते. आठवड्यातून दोनदा, पेटीला २०० मिली, संध्याकाळी आणि पेटीच्या आतच द्या. भांड्यात काड्या टाका, म्हणजे माशा बुडत नाहीत. सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्या. एकीलाच दिलात की बाकीच्या तिच्यावर तुटून पडतात. विकतचा मध खाऊ घालू नका, त्यातून रोग येतात.

मेणपतंग हा परिणाम आहे, मूळ दुखणं नव्हे. माशांनी झाकलेल्या तेवढ्याच फ्रेम ठेवा, रिकाम्या काढून घ्या. आणि पुढच्या वर्षी जांभूळ-हिरड्याचा हंगाम संपताना शिशुकोठीतल्या (अंडी-अळ्यांच्या कप्प्यातल्या) मधाला हात लावू नका. पावसाळ्याची तीच शिदोरी असते.

प्रश्न : शेजारी दहा एकर मका आहे. पराग भरपूर मिळेल ना?

उत्तर : मिळेल, पण निकस. मक्याच्या परागात काही आवश्यक अमिनो आम्लं कमी पडतात, आणि तुऱ्यात मकरंद नसतोच. बांधावर कारळे, तीळ, शेवगा असं वेगवेगळ्या वेळी फुलणारं काही लावा. एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

प्रश्न : इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. मार्चमध्ये अंगणात मोठी केसाळ बंबलबी गारठून पडलेली दिसते. मध द्यावा का?

उत्तर : मध नको. त्यातले रोगजंतू तिलाही बाधू शकतात. चमचाभर पाण्यात दोन चमचे पांढरी साखर विरघळवून त्यातले दोन थेंब तिच्या तोंडाशी ठेवा. ती बहुधा हिवाळी झोपेतून उठलेली राणी असते. उडण्याआधी तिला छातीचे स्नायू थरथरवून सुमारे ३० अंशांपर्यंत तापवावे लागतात आणि त्यात साठा झपाट्याने संपतो. ती उठली की थांबा. रोजची सवय लावू नका, कारण या पाण्यात परागाचं पोषण नाही. अंगणात क्रोकस आणि विलो ही लवकर फुलणारी झाडं लावा. पाकळ्यांनी गच्च भरलेल्या दुहेरी जाती घेऊ नका : त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग पराग येणार कुठून?